आई-वडिलांचे लग्न आणि मुलांचा मान



गड्ड्याची जत्रा काय असते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सिद्धेश्वराच्या देवळाजवळ संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचे कुंभारकन्येशी प्रतीकरूपाने लग्न लागते. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज पेलत येतात. सारा गाव लोटतो आणि अक्षतांचा पाऊस पडतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. अक्षता पडण्याआधी तिथे संमती वाचली जाते. कट्ट्याचे नावच मुळी संमती कट्टा! आधी संमती, मग अक्षता, असा हा क्रम आहे.

आज मला ज्या लग्नाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, त्यातही हाच क्रम पाळावा लागतो. हे लग्न आहे आईचे किंवा वडिलांचे. नवरा गेला, बायको गेली, काडीमोड झाला, आणि काही वर्षांनी माणसाने पुन्हा संसार मांडायचे ठरवले. अशा घरात लेकरे असतात, म्हातारी माणसे असतात. लग्नात त्यांनी कुठे उभे राहायचे? कोणते कपडे घालायचे? कोणता मान घ्यायचा? हे प्रश्न वरवर बारीक वाटतात. पण मूल जन्मभर लक्षात ठेवते ते हेच, की माझ्या आईच्या लग्नात मी मांडवात होतो, की मला शेजारच्या घरात नेऊन निजवले होते.

निजवले होते, असे मी उगीच म्हणत नाही. आपल्याकडे दुसरी लग्ने नवी नाहीत. कितीतरी समाजांत पाट लावण्याची, म्होतूर लावण्याची चाल पूर्वीपासून होती. आपल्या सीमेवरच्या कानडी मुलखात तिलाच उडकी म्हणतात. पण पाट लागायचा बहुधा रात्रीच्या अंधारात. वाजंत्री नाही, सवाशिणींनी तिकडे फिरकायचे नाही. लग्न होते, पण उजेडातले नव्हते. जिथे आईलाच उजेडात उभे राहण्याची मुभा नाही, तिथे लेकरांना कोण विचारणार?

ज्या घरांत पाटाचीही चाल नव्हती, तिथे तर अधिकच कठीण. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली 1856 साली. पण कायदा झाला म्हणून गाव बदलत नाही. महर्षी कर्वे यांचे उदाहरण घ्या. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 साली वारली. पुन्हा लग्न केले तर विधवेशीच करीन, असे त्यांनी ठरवले. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांचे लग्न झाले. वधू होत्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. त्यांना आठव्या वर्षीच वैधव्य आले होते. लग्नानंतर कर्व्यांच्या गावाने, कोकणातल्या मुरूडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे 1958 साली देशाने ज्यांना भारतरत्न केले, त्यांना आपल्याच गावाने दूर लोटले होते. त्या लग्नाच्या वेळी कर्व्यांचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. अकरा वर्षांचे मूल म्हणजे काय, ते शिक्षक मंडळींना ठाऊक आहे. त्याला सगळे कळते, फक्त बोलता येत नाही.

आता काळ पालटला आहे. आपल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथेविरुद्ध मोहीम उभी केली. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात, 17 मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले. तेव्हा लग्न उजेडात आले आहे. आता त्या उजेडात लेकरांनाही आणले पाहिजे. ते कसे, हे आपण एक घर डोळ्यांपुढे ठेवून पाहू.

समजा, मोहोळ तालुक्यातले एक गाव आहे. अडतीस वर्षांची बाई, अंगणवाडी सेविका. नवरा जाऊन सहा वर्षे झाली. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. घरात सासू आहे, म्हणजे लेकरांची आजी. पंढरपूरकडच्या एका विधुर गृहस्थांशी तिचे लग्न ठरते आहे. त्यांना चोवीस वर्षांचा मुलगा आहे आणि सून आहे. नाती मोजून बघा. एका लग्नात किती जीव गुंतले!

पहिली गोष्ट, बातमी कोणी सांगायची? आईनेच सांगायची. मामाने नाही, शेजारणीने नाही. साखरपुड्याचे पेढे आणल्यावर तर मुळीच नाही. लग्नाची तारीख धरण्याआधी, निवांत वेळी, दोन्ही मुलांना वेगवेगळे जवळ घेऊन सांगायचे. वेगवेगळे अशासाठी, की चौदा वर्षांच्या मुलीचे प्रश्न निराळे आणि नऊ वर्षांच्या मुलाचे निराळे. मुलगा विचारील, "मी कुठं झोपायचं? माझी शाळा सुटणार का? आपली शेरडं कोण बघणार?" मुलगी असे काही विचारणार नाही. ती गप्प बसेल, आणि रात्री भाकरी न खाता निजेल. तिच्या मनात असते, की आई बाबांना विसरली. दोघांनाही एक उत्तर स्पष्ट शब्दांत मिळाले पाहिजे: "तुमचे बाबा ते तुमचे बाबा. त्यांची जागा कोणी घेणार नाही. घरात आणखी एक माणूस येतो आहे."

इथे कोणी म्हणेल, "लेकरांची संमती घ्यायची म्हणजे लेकराने नाही म्हटले तर लग्न मोडायचे का?" नाही. लग्न करायचे की नाही हे मोठ्यांनी ठरवायचे, ते ओझे पोराच्या डोक्यावर देऊ नये. मुलाची संमती हवी ती त्याच्या वाट्याच्या गोष्टींना. मांडवात काय करायचे, काय घालायचे, नव्या माणसाला काय म्हणायचे, हे ठरवताना त्याला विचारायचे आणि त्याने "नाही" म्हटले तर रागवायचे नाही.

दुसरी गोष्ट आजीची. तिचा मुलगा गेला, आणि आता सून दुसऱ्या घरी निघाली. आजीपासून गोष्ट लपवली, तर ती घरभर दुःख पसरवील, आणि त्यात तिचा दोष नाही. पण आजीला आधी विचारले, तिचा मान राखला, तर तीच सर्वांत मोठा आधार होते. नातवंडे पाहते ती आजीच्या तोंडाकडे. आजी हसली तर ती हसतात. लग्नाची साडी सुनेला आजीच्या हातून मिळाली, हिरव्या बांगड्या तिच्यासमोर भरल्या, तर त्या घरात कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. पण हेही जुलमाने नको. आजीचा जीव झाला नाही, तर तिला एका बाजूला खुर्ची द्या, जवळ एक नातेवाईक बाई द्या, एवढे पुरे. आजी उद्या कुठे राहणार, नातवंडे तिला कधी भेटणार, हेही लग्नाआधीच ठरवा.

आता मानाची कामे पाहू. आपल्या लग्नात कामांना तोटा नाही. चौदा वर्षांची मुलगी आईची करवली होऊ शकते. कलश घेऊन मागे उभे राहायचे, आईचा पदर सावरायचा, वेळेला पाणी द्यायचे. करवलीचा मान मोठा आणि भाषण करायचे नाही, म्हणून लाजऱ्या मुलीला तो सोपा जातो. नऊ वर्षांच्या मुलाने अक्षता वाटाव्यात. एवढ्या मुलाला एका जागी उभे करू नका, त्याला फिरते काम द्या. नवरदेवाचा चोवीस वर्षांचा मुलगा अंतरपाटाचे एक टोक धरील, दुसरे टोक आईचा भाऊ धरील. अंतरपाट दूर होतो तेव्हा दोन घरांतली एकेक व्यक्ती तो दूर करते, हे चांगलेच आहे. सुनेला आलेल्या बायांना हळदीकुंकू द्यायला सांगावे. त्यात "ही विधवा, हिला नको" असला भेद करू नये. ज्या लग्नाने आईला कुंकू परत मिळाले, त्याच मांडवात दुसऱ्या बाईचे कपाळ मोकळे का ठेवायचे?

काही कामे मात्र जपून. कानपिळीचा मान वधूच्या भावाचा. मुलाला गंमत वाटत असेल तर त्याला खुशाल कान पिळू द्या, पण चारचौघांत "पिळ की रे, पिळ!" म्हणून ढकलू नका. तसेच कन्यादानाचे. अडतीस वर्षांची बाई स्वतःच्या मनाने लग्न करते, तिचे दान कोण करणार? पुष्कळ घरे तो विधी आता सोडून देतात. सत्यशोधक पद्धतीत तर वधूवर एकमेकांना शपथा देतात. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने असे पहिले लग्न 25 डिसेंबर 1873 रोजी लावले. म्हणजे ही वाटही दीडशे वर्षांची जुनी आहे. त्या पद्धतीत मुलांना शपथा ऐकता येतात, समजतात, आणि आईने काय कबूल केले हे त्यांना कळते.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचे असेल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते. तीस दिवसांची मुदत गेल्यावर तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. आधीचा जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूम, ही कागदपत्रे जवळ ठेवा. आणि सज्ञान मुलगा किंवा मुलगी असेल तर तिची साक्षीदार म्हणून सही घ्या. आई किंवा वडिलांच्या लग्नाच्या कागदावर लेकाची सही, याहून मोठा मान कोणता? आमच्या उदाहरणातला चोवीस वर्षांचा मुलगा अंतरपाट धरायला लाजला, तरी सहीला नाही म्हणणार नाही. पण तिथेही आधी विचारा.

आता कपडे. सोलापूर म्हणजे कापडाचे गाव. चादरी आणि टॉवेल जगभर गेले. शाळेचे गणवेशही इथे मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. म्हणून मुद्दाम सांगतो, लग्न म्हणजे शाळा नव्हे. हल्ली सगळ्या घराला एकाच रंगाचे कपडे करण्याची हौस आली आहे. दोन घरे एक झाली हे दिसावे, असा त्यात हेतू असतो, आणि तो वाईट नाही. पण ज्या मुलीला मनातून अजून एक व्हायचे नाही, तिच्या अंगावर तो रंग जुलमाचा होतो. जत्रेत बाराबंदी सगळे सारखी घालतात, ते आपल्या श्रद्धेने, कोणी अंगावर चढवली म्हणून नाही. तेव्हा एक साधा नियम करा. एखादी छोटी खूण सारखी ठेवा, बाकी ज्याचे त्याने निवडावे. मुलांना फेटे एका रंगाचे, मुलींना गजरा किंवा खणाचा काठ एका रंगाचा. एवढ्याने फोटोत एकपणा येतो आणि कोणाचा जीव गुदमरत नाही.

मुलीला साडी नेसायचीच असा हट्ट धरू नका. चौदा वर्षांची मुलगी परकर-पोलक्यात किंवा सलवार-कमीजमध्ये मोकळी वावरते. नेसवायची असेल तर आठ दिवस आधी एकदा घरी नेसवून बघा, चालून बघा. साडी इरकल घ्या, साधी घ्या, पण अंगाला हलकी असू द्या. आपल्याकडे लग्ने होतात चैत्र-वैशाखात, आणि सोलापूरचे ऊन तेव्हा चाळिशीच्या पुढे जाते. त्यात लहान मुलाला जरीची शेरवानी आणि पायात नवा जोडा म्हणजे शिक्षाच. सुती सदरा आणि लेंगा द्या. नवा जोडा आठवडाभर आधी घरात वापरायला द्या. नवी पेठेत खरेदीला जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या, आणि जमले तर नवे वडीलही बरोबर असू द्यात. रसवंतीवर बसून उसाचा रस पिता पिता जी ओळख होते, ती घरात पाहुण्यासारखे समोरासमोर बसून होत नाही.

शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडे कापड जादा ठेवतो, त्याला माया म्हणतात. पोर वाढते, मग शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. लग्नाचे कपडे शिवताना शिंप्याला सांगा, माया भरपूर ठेव. दिवाळीला पुन्हा घालता येतील. एका दिवसासाठी कर्ज काढून कपडे करू नका. लग्नानंतर लगेच उसनवारी सुरू झाली, तर मुले त्याचा दोष नव्या माणसाला देतात.

आणि गेलेल्या वडिलांची एखादी वस्तू मुलाला अंगावर घालायची असेल, त्यांचे घड्याळ, त्यांचा रुमाल, तर घालू द्या. "आजच्या दिवशी अशुभ कशाला?" असे म्हणू नका. सकाळी निघताना वडिलांच्या तसबिरीला हार घालून, पाया पडून निघावे. नव्या माणसानेही तिथे हात जोडले, तर मुलांच्या मनातली अर्धी अढी त्याच क्षणी सुटते.

लग्नाच्या दिवशी प्रत्येक लहान मुलामागे एक माणूस नेमा, मामी, मावशी, कोणीही. तिचे काम एवढेच, की मुलाने वेळेवर जेवावे, आणि त्याला रडू आले तर बाजूला नेऊन जवळ घ्यावे. मूल ऐन वेळी म्हणाले, "मी नाही अक्षता वाटणार," तर थाळी दुसऱ्याच्या हाती द्या. फोटोसाठी ओढू नका.

वरातीनंतरची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आई माप ओलांडून पुढच्या दाराने आत गेली, आणि लेकरे दोन दिवसांनी बोचकी घेऊन मागच्या दाराने आली, असे होता कामा नये. तिच्याबरोबर मुलेही उंबऱ्यावर उभी राहू द्या. त्या घरच्या मुलाने आणि सुनेने तिघांवरून भाकरतुकडा ओवाळावा, पायांवर पाणी घालावे, आणि तिघांनाही आत घ्यावे. दप्तर कुठे ठेवायचे, अंथरूण कोणते, ती जागा आधी तयार असावी. हाक मारण्याचेही तसेच. "बाबा म्हण, बाबा म्हण," असा धोशा लावू नका. अण्णा म्हणा, अप्पा म्हणा, काका म्हणा. हाक मुलाने निवडावी.

कागदाचीही एक बाजू आहे. वडिलांच्या मिळकतीत मुलांचा जो वाटा आला, तो आईने लग्न केले म्हणून कमी होत नाही. पण सावत्र वडिलांच्या मिळकतीत सावत्र मुले आपोआप वारस ठरत नाहीत. त्यांना काही द्यायचे असेल तर मृत्युपत्र करावे लागते. पेन्शन मिळत असेल तर पुनर्विवाहाने तिचे काय होते, हे संबंधित कचेरीत आधी विचारून घ्या. चोवीस वर्षांच्या मुलाचा आणि सुनेचा रुसवा पुष्कळदा जमिनीपाशी असतो, तो उगीच कपड्यांवर आणि मानपानावर निघतो. व्यवहार आधी स्वच्छ बोलला, तर मांडवात भांडण उरत नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. आईने लग्न केले म्हणून मुलाचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव आपोआप बदलत नाही. हजेरी घेताना सर्वांसमोर "तुझं आडनाव आता काय लावायचं रे?" असे विचारू नका. वर्गात कोणी चिडवले, "याच्या आईचं लगीन!" तर हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवशी महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगा, हेरवाडच्या ठरावाची गोष्ट सांगा. त्या पोराकडे न बघता सांगा. त्याला बरोबर कळते. शाळा बदलून आलेले मूल असेल, तर पहिल्या आठवड्यात त्याला एखादे काम द्या, फळा पुसण्याचे, झाडांना पाणी घालण्याचे. घरात त्याची जागा अजून ठरायची असते, निदान वर्गात तरी ठरू द्या.

मंडळी, तुमच्या गावात असे लग्न निघाले, तर त्याला जरूर जा. जाताना त्या घरच्या पोरांसाठीही काही घेऊन जा, वही, पेन, गोळ्यांचा पुडा, काहीही. आहेर नवरा-नवरीला सगळेच करतात. आणि मांडवात अक्षता वाटणारे ते नऊ वर्षांचे पोर तुमच्यापुढे आले, तर त्याच्याकडून अक्षता ओंजळ पुढे करून, नीट मान देऊन घ्या.

नमस्कार.